जुन्या साडीच्या पट्ट्या आणि जाड सुई : बस्करापासून पायपुसण्यापर्यंत

कोल्हापूरच्या जुन्या घरांत सुती साडी विरली की ती वाकळेत जाणार हे ठरलेलेच असते. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरीही वाकळेच्या वाटेवर थांबलेल्या अकरा साड्या एका ट्रंकेत पडून होत्या. वाकळ शिवायला दुपारच्या दुपारी बसकण मारून बसणाऱ्या बायका आता गल्लीत उरलेल्या नाहीत, आणि तेवढा धीर माझ्यातही नाही. म्हणून मी त्या साड्या फाडून त्यांच्या पट्ट्या क्रोशाच्या जाड सुईवर विणायला घेतल्या. सहा वर्षांत पायपुसणी, बस्करे, टोपल्या आणि दोन मोठ्या सतरंज्या झाल्या. त्यातल्या काही चांगल्या झाल्या आणि काही उसवून पुन्हा कराव्या लागल्या. त्या उसवण्यातून जे कळले तेच या लेखात क्रमाने लिहिले आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. रुमालाची लेस किंवा तोरणे विणण्यात ज्यांचा हात बसलेला आहे, त्यांनाही हे काम सुरुवातीला चकवते. विकतच्या दोऱ्याची जाडी कारखान्यात ठरलेली असते, कापडाच्या पट्टीची जाडी मात्र आपली आपणच ठरवायची असते, आणि ती केवळ पट्टीच्या रुंदीवर अवलंबून नसून पट्टी चुरगळून दाबल्यावर केवढी होते त्यावर असते. माझ्या मते यातले निम्मे काम सुई हातात घेण्यापूर्वीच झालेले असते किंवा बिघडलेले असते. म्हणून या लेखात विणण्याइतकीच जागा फाडण्याला दिली आहे.

सुई

क्रोशाच्या सुईचा आकार म्हणजे तिच्या दांड्याचा व्यास. लेसची पोलादी सुई साधारण दोन मिलिमीटरच्या आतली असते आणि लोकरीसाठी आपण चार ते सहा मिलिमीटरची वापरतो. कापडाच्या पट्टीसाठी १०, १२ किंवा १५ मिलिमीटरची सुई लागते. २० आणि २५ मिलिमीटरच्या सुयाही मिळतात, परंतु त्या मनगटाएवढ्या जाड लोकरीसाठी आहेत. कापडावर त्या वापरल्या तर जाळी सैल पडते आणि पायाचा अंगठा तिच्यात अडकतो. एकच सुई घ्यायची असेल तर १२ मिलिमीटरची घ्यावी.

सुई घरी आली की ती मोजून पाहावी. मी एकदा ऑनलाइन १५ ची सुई मागवली आणि तिने विणलेला प्रत्येक नमुना दगडासारखा घट्ट येऊ लागला. दोष माझ्या हाताचा समजून मी आठवडाभर हात सैल करण्याचा सराव केला. शेवटी उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या शेजाऱ्यांनी व्हर्निअर, म्हणजे बारीक जाडी मोजायचे साधन, लावून पाहिला, तेव्हा दांडा जेमतेम १२ मिलिमीटर भरला. दर चार घरांआड एक व्हर्निअर असलेल्या गावात राहण्याचा हा फायदा. ज्यांच्याजवळ तो नाही त्यांनी दांड्याभोवती दोरा एकदा घट्ट गुंडाळून त्याची लांबी मोजावी. ती ४७ मिलिमीटर भरली तर सुई १५ ची आहे, ३८ च्या आसपास भरली तर १२ ची, आणि ३१ च्या आसपास भरली तर १० ची.

सुताराकडून सागवानी किंवा शिसवी सुई करून घेण्याचा मार्गही चांगला आहे. त्यात दोन गोष्टींवर अडून बसावे. पहिली ही की खाचेच्या आतली बाजूसुद्धा बारीक पॉलिश पेपरने घासलेली असली पाहिजे, कारण तिथे एक कूस राहिली तरी ती प्रत्येक टाक्याला कापडाचा धागा ओढते. दुसरी ही की खाचेच्या मागचा दांडा किमान दहा सेंटिमीटर एकसारख्या जाडीचा हवा, कारण फासाचे माप त्याच भागावर ठरते. गुळगुळीत करण्यासाठी खोबरेल चोळू नये, त्याचे डाग पट्टीवर उतरतात. मेणबत्तीचे मेण हलकेच चोळून फडक्याने पुसावे, तेवढे पुरते.

कापडाची निवड

आपल्याकडे सुती कापडाची टंचाई कधीच नव्हती. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली बसला आणि कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने शाहू मिलची उभारणी १९०६ मध्ये सुरू झाली. त्यामुळे सुती साडी, धोतर आणि चादर या तीन गोष्टी इथल्या प्रत्येक ट्रंकेत सापडतात. गांधीनगरच्या कापडपेठेतून नवे कापड आणूनही हे काम करता येते, पण नवे कापड फाडून पायपुसणे करणे माझ्या जिवावर येते. शिवाय धुऊन धुऊन मऊ झालेले कापड सुईवर जितके सहज सरकते तितके खळीचे नवे कापड सरकत नाही. शिंप्याकडच्या कतरणी फुकट मिळतात, मात्र तुकडे आखूड असल्याने जोडच जोड येतात. त्या फक्त लहान कामाला घ्याव्यात.

कापड घेण्यापूर्वी तीन परीक्षा कराव्यात. पहिली ताकदीची. साडीचा मधला भाग दोन्ही हातांच्या चिमटीत धरून झटका द्यावा. कापड तेवढ्यानेच फाटले तर ते वाकळेच्या पोटात घालण्याजोगे आहे, विणण्याजोगे नाही. निऱ्यांच्या खालचा आणि बसण्याच्या जागेचा भाग आधी विरतो, म्हणून परीक्षा तिथेच घ्यावी. दुसरी परीक्षा धाग्याची. कडेचे चार धागे काढून बशीवर चिमट्यात धरून पेटवावेत. सुती धागा कागदासारखा जळून त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टर असेल तर धागा वितळून कडक मणी तयार होतो. पॉलिएस्टर मिसळलेले कापड वाया जात नाही, पण ते पाणी कमी शोषते आणि फरशीवर सरकते, म्हणून पायपुसण्याला ते घेऊ नये, टोपलीला चालते.

तिसरी परीक्षा रंगाची, आणि ती मी एकदाच टाळली. लाल साडीचे पायपुसणे मी मोठ्या हौसेने न्हाणीघराच्या दारात टाकले आणि तीन दिवसांत पांढऱ्या फरशीच्या सांध्यांत गुलाबी रेघा भरल्या. त्या अजून आहेत. गडद रंगाचे कापड कोमट पाण्यात पांढऱ्या फडक्याबरोबर अर्धा तास भिजवून ठेवावे. फडक्याला रंग लागला तर कापड पुन्हा पुन्हा धुवावे आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत ते फाडू नये. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असे सगळ्याच घरांत सांगतात, परंतु माझा तरी तसा अनुभव नाही.

पट्ट्या फाडणे

पाचवारी साडीची लांबी साधारण साडेपाच मीटर आणि रुंदी एक मीटर दहा सेंटिमीटरच्या आसपास असते. नऊवारी आठ मीटरच्या पुढे जाते. साडीचे उभे धागे लांबीच्या दिशेने असतात आणि ते मागावर ताणून भरलेले असल्यामुळे लांबीत फाडलेली पट्टी कमी ताणते व एकसारखी येते. म्हणून साडी नेहमी उभी फाडावी, आडवी फाडू नये. कात्रीने कापत जाण्यापेक्षा फाडणे बरे, कारण कात्री हाताच्या मर्जीने चालते आणि फाटत जाणारे कापड आपल्याच धाग्याच्या रेषेत जाते.

आधी दोन्ही काठ कापून वेगळे करावेत, आणि पदर भरजरी असेल तर तोही. जर पायाला टोचते आणि काठाचे कापड अंगापेक्षा जाड असल्याने टाका तिथे एकदम फुगतो. मग साडीच्या एका टोकाला दर सहा सेंटिमीटरवर चार बोटे खोल कात्रीच्या खुणा कराव्यात. एकीने टोक पायाखाली किंवा हातात घट्ट धरावे आणि दुसरीने पट्टी ओढत मागे जावे. चर्र आवाज करत कापड सरळ फाटत जाते. हे काम गच्चीवर किंवा मागच्या सोप्यात करावे, कारण जुन्या सुताची धूळ इतकी उडते की संध्याकाळपर्यंत शिंका थांबत नाहीत. मी तोंडाला ओढणी बांधते.

जोड टाळायचे असतील तर पट्टी पूर्ण फाडू नये. पहिली पट्टी पदराच्या बाजूने फाडत जाऊन शेवटच्या चार सेंटिमीटरवर थांबावे. दुसरी फाड उलट टोकाकडून सुरू करून पदराकडे चार सेंटिमीटर शिल्लक ठेवावी. अशी उलटसुलट फाडत गेल्यावर अख्ख्या साडीची एकच नागमोडी पट्टी होते. प्रत्येक वळणावर कापडाचा चौकोनी कोपरा बाहेर येतो, तो कात्रीने गोल छाटून टाकावा, नाहीतर विणताना तो टाक्यातून कानासारखा डोकावतो.

सहा सेंटिमीटर हे माप पातळ साडीसाठी आहे. धोतर त्याहून पातळ असते, त्याला सात घ्यावेत. चादर घट्ट विणीची असते, तिला साडेतीन पुरतात. परंतु ही मापे पाठ करण्यापेक्षा एक चाचणी लक्षात ठेवावी. पट्टी सैलसर चुरगळून सुईच्या खाचेत बसवावी. खाच भरली पाहिजे, पण पट्टीचा एक पदरही खाचेच्या बाहेर लोंबता कामा नये. बाहेर लोंबत असेल तर प्रत्येक टाका ओढताना तो पदर मागे अडकेल आणि पट्टी चिरत जाईल. खाचेत पट्टी इकडेतिकडे फिरत असेल तर वीण पोकळ होईल. साडी बदलली की पहिली वीतभर पट्टी फाडून ही चाचणी करावी आणि मगच उरलेल्या खुणा कराव्यात.

जोड आणि गुंडा

दोन पट्ट्या जोडण्यासाठी गाठ मारू नये. गाठ पायाला लागते आणि धुतल्यावर आणखी कडक होते. सुई-दोरा न घेता होणारा जोड असा : जुन्या पट्टीच्या टोकापासून दीड सेंटिमीटर आत पट्टीच्या लांबीच्या दिशेने दोन सेंटिमीटरची चीर द्यावी. नव्या पट्टीच्या टोकालाही तशीच चीर द्यावी. नवी पट्टी जुन्या पट्टीवर अशी ठेवावी की दोन्ही चिरा एकावर एक येतील. आता नव्या पट्टीचे दुसरे, म्हणजे मोकळे टोक खालून वर दोन्ही चिरांतून बाहेर काढावे आणि पूर्ण पट्टी ओढून घ्यावी. शेवटच्या वीतभर अंतरात हात सावकाश करून जोड हलकेच आवळावा. झटका दिला तर तो मणी होऊन बसतो, सावकाश आवळला तर बोटाला जेमतेम जाणवेल इतका चपटा राहतो. कापड फारच विरलेले असेल आणि चीर फाटत असेल, तर दोन टोके तिरकी ठेवून मशीनवर एक शिवण मारावी.

फाडलेल्या कडेचे सुटे धागे हाताने ओढून टाकावेत, पण प्रत्येक धाग्याच्या मागे लागू नये. उरलेली कूस पहिल्या दोन धुण्यांत निघून जाते. गुंडा सैल गुंडाळावा आणि गुंडाळताना पट्टीला पीळ पडू देऊ नये. पीळ पडलेली पट्टी विणीत दोरीसारखी कडक उठते. छापील साडी असेल तर उलट बाजू आत घेऊन पट्टी उभी दुमडत गुंडाळता येते. मी हे एकदाच केले. तेवढा वेळ घालवण्याइतका फरक दिसला नाही.

किती कापड लागेल

यासाठी कोणाच्याही आकड्यांवर विसंबू नये, कारण प्रत्येक हाताचा घट्टपणा वेगळा असतो. २० टाक्यांची एक ओळ विणावी, ती उसवावी आणि किती पट्टी लागली ते मोजावे. माझ्या हाताने १२ च्या सुईवर साडीच्या पट्टीचे २० टाके विणायला १ मीटर ८० सेंटिमीटर लागतात, म्हणजे एका टाक्याला ९ सेंटिमीटर. टाका साधारण १.८ सेंटिमीटर रुंद आणि तितकाच उंच पडतो.

गोल कामात फेऱ्यांच्या संख्येवरून टाके काढण्याची सोपी रीत आहे. फेऱ्यांची संख्या, तिच्यात एक मिळवून येणारी संख्या आणि तीन यांचा गुणाकार करावा. दहा फेऱ्यांचे बस्कर करायचे तर १० गुणिले ११ गुणिले ३, म्हणजे ३३० टाके. ९ सेंटिमीटरने गुणले की ३० मीटर पट्टी, आणि बस्कराचा व्यास ३६ सेंटिमीटर. वीस फेऱ्यांच्या पायपुसण्याला १२६० टाके, म्हणजे सुमारे ११३ मीटर पट्टी लागते आणि व्यास ७२ सेंटिमीटर होतो. काठ काढलेल्या पाचवारी साडीतून सहा सेंटिमीटरच्या १७ पट्ट्या, म्हणजे ९० ते ९५ मीटर पट्टी निघते. तेव्हा वीस फेऱ्यांना एक साडी पुरत नाही, सव्वा लागते. व्यास दुप्पट झाला की कापड जवळजवळ चौपट लागते हे विसरून मी पहिली सतरंजी सुरू केली होती. तिच्या शेवटच्या चार फेऱ्या म्हणूनच वेगळ्या रंगाच्या आहेत. पाहुणे त्याला नक्षी समजतात.

विणण्याची रीत

पहिले काम बस्कराचेच घ्यावे. एका संध्याकाळी होते, आणि बिघडले तरी वाईट वाटत नाही. यात साखळी आणि मुका खांब एवढ्या दोनच गोष्टी लागतात. साखळी म्हणजे सुईवरच्या फासातून पट्टीचा एक वेढा ओढून काढायचा. मुका खांब म्हणजे सुई घरात, म्हणजे आधीच्या टाक्याच्या भोकात, घालून पट्टी ओढून आणायची, सुईवर दोन फास झाले की पुन्हा वेढा घेऊन तो दोन्ही फासांतून एकदम काढायचा. नुसत्या दोऱ्याच्या कामात सुरुवातीला सुटा फास करून तो नंतर आवळतात. पट्टीचा असा फास आवळत नाही, मध्ये भोक राहते. म्हणून दोन साखळ्या घालून सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीत सहा मुके खांब विणावेत. ती साखळी आधीच थोडी सैल ठेवावी, कारण तिच्यात सहा जाड टाके मावायचे असतात.

दुसऱ्या फेरीत प्रत्येक घरात दोन खांब, म्हणजे बारा होतात. तिसऱ्या फेरीत एका घरात एक आणि पुढच्यात दोन असे अठरा. चौथीत दोन घरांत एकेक आणि तिसऱ्यात दोन असे चोवीस. याप्रमाणे दर फेरीत सहाच टाके वाढवत जायचे. फेरी जोडून बंद करू नये, गोगलगाईच्या शंखासारखी सलग फिरवत न्यावी आणि फेरीच्या पहिल्या टाक्याला मोठी सेफ्टी पिन लावून ठेवावी. पिन दर फेरीला पुढे सरकवायची. ‘लक्षात राहील’ असे म्हणून ती न लावणाऱ्या बाईला मी अजून सरळ बस्कर विणताना पाहिलेले नाही. वाढ दर फेरीत एकाच जागी आली की गोलाचा षट्कोन होतो, म्हणून एक फेरी सोडून पुढच्या फेरीत वाढीच्या जागा दोन-तीन घरे पुढे ढकलाव्यात.

सहाच का, याचे कारण समजून घेतले की निम्म्या अडचणी आपोआप सुटतात. एक फेरी चढली की वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीने वाढते आणि परीघ त्या उंचीच्या ६.२८ पट वाढतो. टाक्याची उंची आणि रुंदी सारखी असेल तर तेवढा परीघ भरायला सहा टाके पुरतात. पण जिचा हात लांब ओढणारा आहे तिचा टाका रुंदीपेक्षा उंच येतो आणि तिला दर फेरीला सात टाके वाढवावे लागतात. मुक्या खांबाहून उंच असलेल्या अर्ध्या खांबाला आठ आणि त्याहून उंच पूर्ण खांबाला बारा वाढवतात, तेही याच हिशेबाने.

दर दोन फेऱ्यांनी काम फरशीवर ठेवून तळहाताने दाबून पाहावे. कडा वर उचलल्या तर वाढ कमी पडते आहे किंवा हात आवळत चालला आहे. कडेला झालरीसारख्या लाटा आल्या तर वाढ जास्त झाली आहे. थोडीशी लाट पुढच्या फेरीत वाढ न करता जिरवता येते, पण उचललेली कड इस्त्रीने किंवा वर पाटा ठेवून सपाट होत नाही. तिथे उसवण्याला पर्याय नाही. माझे पहिले बस्कर सातव्या फेरीपासून वर वळू लागले, ‘धुतल्यावर बसेल’ म्हणून मी पुढे रेटले, आणि दोन दिवसांनी त्याची खोल पाटी झाली. गेली सहा वर्षे ती कांदे-लसणाला वापरात आहे.

हात आवळण्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते : फास सुईच्या निमुळत्या गळ्यावर तयार होतो. प्रत्येक फास ओढून आणल्यावर सुई पुढे सरकवून तो जाड दांड्यावर येऊ द्यावा, मगच पुढचा वेढा घ्यावा. फासांतून सुई बाहेर काढताना खाच खाली, आपल्या मांडीकडे वळवावी, म्हणजे ती वरच्या पदराला अडकत नाही. लेस विणताना आपण पेनासारखी सुई धरतो. इथे ती सुरीसारखी मुठीत धरावी आणि बोटांऐवजी कोपरापासून हात हलवावा.

शेवटच्या फेरीचा शेवट अचानक तुटू नये म्हणून अखेरचे तीन टाके क्रमाने आखूड करत आणावेत. मग वीतभर पट्टी ठेवून कापावी आणि नाडी ओवायच्या पिनेने ती मागच्या बाजूने पाच-सहा टाक्यांखालून एका दिशेने, मग एक टाका सोडून उलट दिशेने फिरवावी. पट्टी दोऱ्यासारखी रुतून बसत नाही, म्हणून टोकाला साध्या दोऱ्याचे दोन टाके घालणे मला आवश्यक वाटते.

लांबट पायपुसणे

उंबऱ्यासमोर गोलापेक्षा लांबट पायपुसणे अधिक सोयीचे पडते. त्यासाठी सुरुवातीची साखळी किती घालायची याचा नियम सोपा आहे : हव्या त्या लांबीतून रुंदी वजा करावी. ९० बाय ६० चे पायपुसणे हवे असेल तर साखळी ३० सेंटिमीटरची. साखळीच्या एका बाजूने मुके खांब विणत जावे, टोकाच्या साखळीत तीन-चार खांब घालून वळावे आणि साखळीच्या दुसऱ्या बाजूने परत यावे. पुढे दर फेरीला दोन्ही टोकांच्या वळणावर तीन-तीन टाके वाढवायचे आणि सरळ बाजूंवर काहीच वाढवायचे नाही. तीन आणि तीन मिळून सहाच होतात, कारण दोन टोके मिळून एक पूर्ण गोल बनतो.

टोपली करायची तर बस्कराच्या आठ-नऊ फेऱ्यांनंतर वाढ थांबवून सरळ फेऱ्या विणाव्यात. वळणाच्या फेरीत घराच्या वरच्या दोन पदरांपैकी फक्त मागच्या पदरातून सुई घालावी, म्हणजे कोपरा नीट मोडतो. टोपलीला तीच पट्टी पण १० ची सुई घेतली की भिंती उभ्या राहतात.

टी-शर्ट आणि जाड लोकर

जुन्या टी-शर्टाचे कापड फाटत नाही, ते कापावे लागते. बाह्यांच्या खालून आडवा कापून नळीसारखा भाग घ्यावा. तो एका बाजूला तीन सेंटिमीटर शिल्लक राहील असा दुमडून, दुमडलेल्या कडेकडून त्या शिल्लक भागापर्यंत अडीच-तीन सेंटिमीटरच्या पट्ट्या कापाव्यात. मग शिल्लक भाग उलगडून एका कापातून समोरच्या नव्हे तर पुढच्या कापात तिरके जावे, म्हणजे सगळी पट्टी सलग निघते. पट्टी ओढली की तिच्या कडा आत वळून गोल दोरी बनते. मोठ्या मापाच्या एका टी-शर्टातून १७-१८ मीटर मिळते, म्हणजे बस्करालाच दोन लागतात. हे कापड लवचीक असल्यामुळे हाताला फार सुखाचे आहे, पण ते ताणते. पायपुसण्यासाठी साडी बरी, पिशवी आणि टोपलीसाठी टी-शर्ट.

जाड लोकर आपल्या दुकानांत सहसा मिळत नाही, ती मागवावी लागते. नेहमीच्या लोकरीचे चार पदर एकत्र धरून १० किंवा १२ च्या सुईवर विणले तरी तसाच परिणाम साधतो आणि चार छटा मिसळता येतात. मात्र चारही गुंडे वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत. कोल्हापूरची थंडी जेमतेम दोन महिन्यांची, तेव्हा जड पांघरूण करण्यापेक्षा अर्ध्या खांबाची सैल शाल करावी असे मला वाटते. बाजारातली बहुतेक लोकर ॲक्रिलिकची असते आणि ती उष्णतेने वितळते, म्हणून तिचे गरम भांड्याखाली ठेवायचे बस्कर कधीही करू नये. तिथे सुती पट्टीच हवी.

मनगट, धुणे आणि दुरुस्ती

वीस फेऱ्यांचे पायपुसणे संपत येते तेव्हा मांडीवर अर्ध्या किलोहून अधिक वजन असते आणि दर टाक्याला आपण ते फिरवत असतो. काम हातात उचलून न धरता मांडीवर किंवा पाटावर टेकवावे, आणि दर वीस मिनिटांनी उठून मुठी उघडझाप कराव्यात. अंगठ्याच्या बुडाशी कळ आली की त्या दिवसापुरते थांबावे. दुसऱ्या दिवशी पुढे विणलेल्या टाक्यांचा घट्टपणा बदललेला दिसतो, तो पहिल्या ओळीतच तपासावा.

आपल्याकडच्या पावसाचा विचार विणण्याआधीच करायला हवा. जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही आणि जाड पट्टीचे पायपुसणे भिजले की वास मारू लागते. पावसाळ्यासाठी मी मुद्दाम चार सेंटिमीटरच्या पट्टीचे, १० च्या सुईवरचे पातळ पायपुसणे करते आणि आलटून पालटून वापरायला दोन ठेवते. वॉशिंग मशीनमध्ये मोठे काम घालू नये. भिजल्यावर ते एका बाजूला गोळा होते आणि ड्रम आदळू लागतो. बादलीत भिजवून हाताने दाबून पाणी काढावे, पिळू नये, आणि एका दोरीवर लोंबवण्याऐवजी दोन दोऱ्यांवर आडवे पसरावे, नाहीतर गोलाचा लंबगोल होतो. गुळगुळीत फरशीवर खाली रबराची जाळी टाकावी. घरात म्हातारे माणूस असेल तर ही जाळी विसरून चालणार नाही.

पट्टी कुठे तुटली तर ती लगेच पकडावी, कारण सलग विणीत एक टाका सुटला की शेजारचे मागोमाग सुटतात. तुटलेल्या टाक्यांत सेफ्टी पिना घालून ते थांबवावेत, दोन्ही तुटकी टोके दोन-तीन टाके मागे उसवून नव्या तुकड्याला चिरेच्या जोडाने जोडावीत आणि सुटलेले टाके सुईने पुन्हा उचलून विणावेत. त्यासाठी प्रत्येक साडीची पाच-सहा मीटर पट्टी वेगळी ठेवून तिला कामाचे नाव लिहिलेली चिठ्ठी टाचावी. माझ्या त्या ट्रंकेत आता साड्या चारच उरल्या आहेत, बाकी सगळे असे चिठ्ठीचे गुंडे आहेत.